रोजची वाट आणि कधीतरीची वाट

यंदा जूनमध्ये शाळा उघडता उघडता आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी विजेवर चालणारी मोटार घेतली आणि शिक्षकांच्या खोलीतले वातावरण आठवडाभर ढवळून निघाले. पेढे सर्वांनी खाल्ले, परंतु पेढा गिळून होतो न होतो तोच प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, गणपतीला गावी कसे जाणार?"

गुरुजींचे गाव रत्नागिरीकडे. साताऱ्याहून निघायचे, कराडवरून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून पुढे. "घाटात बॅटरी बसली तर तिथे काय दिवे लावणार?" असे गणिताच्या सरांनी विचारले आणि सगळे हसले. गुरुजीही हसले. मग चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "अहो सर, गणपतीला मी वर्षातून एकदा जातो. शाळेत दोनशेवीस दिवस येतो. गाडी घ्यायची ती त्या एका दिवसासाठी की या दोनशेवीस दिवसांसाठी?"

घंटा झाली आणि वाद तिथेच राहिला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच सुमारास आमच्या घरीही मोटार घेण्याचे घाटत होते आणि सौ.नेही मला नेमका गणपतीचाच प्रश्न विचारला होता. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबलेले आहे, पण जुन्या गोष्टी उकरून काढण्याची खोड मला लहानपणापासूनची. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून शोध घेऊ लागलो, तेव्हा ध्यानात आले की आमच्या खोलीतला हा वाद आजचा नव्हेच. तो सव्वाशे वर्षांचा जुना आहे, आणि पहिल्या वेळी त्याचा निकाल गुरुजींच्या विरुद्ध लागलेला आहे.

*

विजेची मोटार ही अगदी अलीकडची चीज, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती अशी की पेट्रोलची मोटार पाळण्यात होती तेव्हा विजेची मोटार रांगू लागली होती. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर या त्याच्याच देशबांधवाने ती सुधारली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी फिरवून दाखवली. कार्ल बेंझच्या पेट्रोलच्या गाडीला पेटंट मिळाले ते १८८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी.

त्या काळच्या मोठ्या शहरांची अडचण काय होती, हे आज आपल्याला सांगूनही खरे वाटणार नाही. अडचण होती घोड्यांची. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या गाड्या, मालाचे छकडे, ट्राम सारे घोड्यावर चाले. रस्ते लिदीने भरलेले, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ व माश्या. आपल्या मुंबईतही १८७४ च्या ९ मे रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांचीच. तेव्हा दाणा खात नाही, लीद टाकत नाही, धूर सोडत नाही आणि खडखडाट करत नाही, अशी गाडी मिळाल्यावर शहरी माणसाला ती देवाने धाडल्यासारखी वाटली तर नवल नाही.

१८९७ च्या ऑगस्टात लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी या तरुण इंजिनिअरच्या विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. चालताना त्या गुणगुणत, म्हणून लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' हे पाखराचे नाव दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही मॉरिस आणि सॅलोम या जोडीच्या विजेच्या भाडोत्री गाड्या आल्या. बॅटरी भरायला लागणाऱ्या तासांवर त्यांनी तेव्हाच एक तोड काढली होती. गाडी ठाण्यावर आली की रिकामी बॅटरी यंत्राने ओढून काढायची आणि भरलेली आत सरकवायची. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. टांग्याचा थकलेला घोडा बदलावा तसेच हे! आज रिक्षांच्या आणि स्कूटरींच्या बॅटऱ्या अशा बदलून मिळतात, तेव्हा आपण त्याला नवी युक्ती म्हणतो.

वाचकांना मौज वाटेल अशी आणखी एक गोष्ट. दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल इंग्लंडात पहिली अटक झाली ती १८९७ च्या १० सप्टेंबरला, आणि तो इसम विजेच्या टॅक्सीचा चालक होता. अमेरिकेत वेगमर्यादा मोडल्याबद्दल पहिला मोटारवाला पकडला गेला तो १८९९ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये; तोही विजेचीच टॅक्सी हाकत होता. त्याचा वेग होता ताशी बारा मैल, म्हणजे सुमारे एकोणीस किलोमीटर! आणि ताशी शंभर किलोमीटरचा पल्ला माणसाने मोटारीतून प्रथम ओलांडला तोही विजेवरच. १८९९ च्या वसंतात पॅरिसजवळ कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने तोफगोळ्याच्या आकाराची आपली गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. गाडीचे नाव होते 'ला जमे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न पावणारी'.

१९०० साली अमेरिकेत एकंदर ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १६८१ वाफेवरच्या, १५७५ विजेवरच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्या दिवशी एखाद्या ज्योतिषाला विचारले असते तर पेट्रोलची गाडी टिकेल असे त्याने खास सांगितले नसते.

*

वाफेची गाडी म्हणजे चाकांवरचा बंब. तो आधी पेटवा, पाणी तापेतो थांबा, मग निघा. पेट्रोलच्या गाडीला पुढून लोखंडी हँडल घालून जोराने फिरवावे लागे. आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. शिवाय वास, धूर, थरथराट. विजेच्या गाडीत यातले काही नाही. बसावे, दांडी पुढे ढकलावी, निघावे.

त्यामुळे ही गाडी शहरांतल्या सुखवस्तू घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये लोकप्रिय झाली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही त्यांतली नावाजलेली गाडी १९०७ पासून निघू लागली. काचेची चौफेर खिडकी, आत मऊ गाद्या, फुलदाणी. बाहेरून पाहणाराला वाटावे, कोणी दिवाणखानाच चाकांवर ठेवला आहे. वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास, आणि एकदा भरली की सुमारे एकशेतीस किलोमीटर जाते अशी जाहिरात. बाजारहाट, पाहुणचार, देऊळ आणि नाटक एवढा ज्यांचा दिवस, त्यांना तेवढे पुरून उरे. जगाला पेट्रोलच्या मोटारीचे वेड लावणारा तो हेन्री फोर्ड, त्याची पत्नी क्लारा ही कोणती गाडी चालवत असे? १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक! त्याच वर्षी फोर्ड आणि एडिसन या दोघा मित्रांनी मिळून विजेची स्वस्त मोटार काढण्याचे जाहीर केले होते. ती कधीच बाहेर पडली नाही.

मग ही गाडी हरली कशाने?

कारणे सरळ आहेत आणि ती एकाच वेळी जमून आली. १९०१ मध्ये टेक्ससमध्ये तेलाचे मोठे साठे लागले आणि पेट्रोल स्वस्त झाले. १९०८ मध्ये फोर्डचे 'मॉडेल टी' आले आणि वर्षागणिक उतरत जाऊन त्याची किंमत पुढे तीनशे डॉलरांच्याही खाली गेली. १९१२ च्या सुमारास विजेच्या गाडीला १७५० डॉलर पडत, तर पेट्रोलची ६५० डॉलरांना मिळे. त्याच १९१२ साली चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला बसला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. पेट्रोलच्या गाडीचे मोठे व्यंग विजेनेच दूर केले आणि विजेची गाडी मात्र रस्त्यातून उठली. घरचाच कुऱ्हाडीचा दांडा, दुसरे काय!

पण माझ्या मते खरे कारण बॅटरीच्या वजनात होते. ते हिशेबाने सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णता करून उधळून टाकते आणि चाकांपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन युनिट पोहोचतात. तरी तेवढी ऊर्जा शिशाच्या बॅटरीत साठवायची म्हटली तर साठ-सत्तर किलोंचे ओझे होते. एका लिटरच्या बाटलीसमोर तांदळाचे एक मोठे पोते! दहा लिटरांचे काम करणारी बॅटरी म्हणजे गाडीने आपलेच वजन वाहण्यासाठी धावायचे. लंडनच्या त्या गुणगुणणाऱ्या गाड्या वजनाने आणि धक्क्यांनी टायर व बॅटऱ्या खाऊन दोन वर्षांतच, १८९९ मध्ये, बंद पडल्या.

शहरात हे खपले, कारण शहरातली वाट आखूड. परंतु हळूहळू गावोगावचे रस्ते सुधारले आणि माणसाच्या मनात दूरची वाट भरू लागली. मोटार घ्यायची ती रविवारी डोंगरावर जाण्यासाठी, आजोळी जाण्यासाठी, समुद्र पाहण्यासाठी. आणि खेड्यांत तर वीजच नव्हती; १९३० नंतरही अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात दिवा होता. रोज पाच-दहा मैल जाणाऱ्या माणसानेही मग वर्षातल्या त्या दोन-चार दिवसांवर नजर ठेवून गाडी निवडली. आमच्या शिक्षकांच्या खोलीतला गणपतीचा प्रश्न त्या काळी अमेरिकेतल्या लाखो घरांत विचारला गेला असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर सर्वांनी पेट्रोल असेच दिले. १९३९ मध्ये डेट्रॉइट इलेक्ट्रिकनेही दुकान मिटले.

*

तथापि ज्यांची वाट ठरलेली, त्यांनी विजेला सोडले नाही. इंग्लंडात पहाटे दारोदार दुधाच्या बाटल्या ठेवणाऱ्या गाड्या विसाव्या शतकात कित्येक दशके बॅटरीवरच चालल्या. रोज तीच आळी, तीच दारे, दर पन्नास पावलांवर थांबणे, आणि लोकांची झोप मोडायची नाही. अशा कामाला याहून चांगले वाहन कोणते? जपानमध्ये महायुद्धानंतर पेट्रोल मिळेना, तेव्हा १९४७ मध्ये 'तामा' नावाची विजेची मोटार निघाली. एकदा भरली की ती पासष्ट किलोमीटर जाई. पुढे कोरियाच्या युद्धाने शिसे महागले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि तामा मागे पडली.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर आपण मोजतच नाही. १९०७ च्या ७ मे रोजी मुंबईची ट्राम घोड्यांच्या हातून विजेच्या हाती गेली. १९१५ मध्ये टाटांनी लोणावळ्याचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून वीज केली आणि मावळातला पाऊस मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागला. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धावली. ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला निरोप घेऊन गेली. पण लोकल आहेच. डोंबिवलीचा, विरारचा, पनवेलचा चाकरमानी आज विजेवरच कामाला जातो आणि विजेवरच घरी परततो. त्याला कोणी विचारत नाही की, "बाबा रे, तुझी लोकल गणपतीला सावंतवाडीला जाईल का?" लोकल कशासाठी आणि सावंतवाडीची गाडी कशासाठी हे त्याला पक्के ठाऊक असते. मोटार स्वतःची झाली, की मात्र एकाच गाडीने सारे जन्म उरकावेत असे आपल्याला वाटू लागते.

तारेतून वीज घेणाऱ्या या गाड्यांना बॅटरीचे ओझे नाही, हे खरेच. ते ओझे कमी झाल्याखेरीज मोटारीला गत्यंतर नव्हते. आपल्याकडे १९९३ मध्ये केरळातल्या चालकुडीच्या एका कारखान्याने 'लव्हबर्ड' नावाची विजेची मोटार दाखवली. २००१ मध्ये बंगळूरला चेतन मैनी यांची चिमुकली 'रेव्हा' आली. एकदा भरली की ऐंशी किलोमीटर. लंडनमध्येही ती 'जी-विझ' या नावाने हौसेने फिरली. परंतु दोन्हींच्या पोटात तेच जुने शिसे होते.

शिशाची सद्दी संपवली ती लिथियमने. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयनची बॅटरी बाजारात आणली ती कॅमेऱ्यासारख्या लहान यंत्रांसाठी. हा पाया ज्यांनी घातला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साठ-सत्तर किलोंचे ते ओझे आता पंधरा किलोंच्या आसपास आले आहे. २०२० च्या जानेवारीत टाटांची विजेवरची नेक्सॉन आली, तेव्हा तिच्या बॅटरीत सुमारे तीस युनिट मावत, आणि कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर, घाटात, वातानुकूलन लावून तो बराच कमी भरतो; पण कमी म्हटला तरी तो रेव्हाच्या दुपटीहून मोठा आहे.

*

आता गुरुजींचा हिशेब. घर ते शाळा अठरा किलोमीटर, जाऊन-येऊन छत्तीस. एका युनिटला सहा किलोमीटर धरले तरी रोजचे सहा युनिट झाले. घरातल्या पंधरा अँपियरच्या बटणावर ते दोन-अडीच तासांत भरतात. गुरुजींचा वाडा जुना, पडवीत बटण आहे. रात्री जेवून अंगणात शतपावली घालताना ते गाडीला वायर लावतात आणि सकाळी काढतात. म्हैस गोठ्यात बांधावी तसे हे नित्याचे काम झाले आहे.

ही वीज कोठून येते असा आक्षेप विज्ञानाच्या बाईंनी घेतला आणि तो खोटा नव्हे. आपल्या राज्यातली पुष्कळ वीज आजही चंद्रपूर-कोराडीकडे कोळसा जाळूनच होते. शाळेच्या फाटकाशी धूर नाही म्हणजे तो कुठेच नाही असे नव्हे. पण पेट्रोल मोटार म्हातारी होईपर्यंत पेट्रोलच जाळणार. बटणामागची वीज मात्र उद्या उन्हाची किंवा वाऱ्याची होऊ शकते, आणि गाडी तीच राहते. बाईंनी एवढे मान्य केले. गाडीची मूळ किंमत अधिक पडते आणि काही वर्षांनी बॅटरीची ताकद उतरत जाते, हे गुरुजींनीही मान्य केले.

आणि गणपती? गुरुजी गाडीनेच गेले. वाटेत एका हॉटेलाशी बॅटरी भरायची सोय होती, पण तिथे आधीच दुसरी गाडी लागलेली. तिची भरून होईपर्यंत एक तास आणि आपली भरायला एक तास, असे दोन तास गेले. मुलांनी वडे खाल्ले, वहिनींनी तोंड फुगवले. कुंभार्ली उतरताना ब्रेकच्या जोरावर बॅटरी थोडी आपोआप भरली, याचे मुलांना भारी कौतुक. परतताना चढावर तिने ते व्याजासह वसूल केले. आरती मात्र चुकली नाही. "एका दिवशी दोन तास गेले," गुरुजी परत आल्यावर म्हणाले, "पण जूनपासून पेट्रोलपंपाच्या रांगेत एकदाही उभा राहिलो नाही. तुम्हीच जमाखर्च मांडा, सर." गणिताचे सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते गाडीच्या किमतीची चौकशी करताना दिसले.

राहता राहिलो आम्ही. सौ.ने सारा इतिहास ऐकून घेतला आणि विचारले, "अहो, ते सगळे खरे. पण वायर आणणार कुठून?" आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाड्या खाली खांबांमध्ये उभ्या राहतात आणि आमच्या जागेशी बटण नाही. मी इमारतीच्या सभेत विषय काढला. वायर कोणाच्या भिंतीवरून जाणार, मीटर कोणाचा, आग लागली तर जबाबदार कोण, यावर दीड तास चर्चा होऊन विषय पुढच्या सभेवर गेला.

त्या रात्री मला त्या जुन्या अमेरिकन शेतकऱ्याची आठवण झाली. गाडी चांगली होती, त्याची वाटही बहुतेक आखूडच होती, पण दाराशी वीज नव्हती. माझ्या घरात वीज आहे, दिवाळीत गॅलरीत माळा लावण्याइतकी आहे. फक्त ती तीन जिने उतरून खाली जात नाही. तेव्हा गाडीचे आम्ही तूर्त लांबणीवर टाकले आहे आणि आधी खांबावरच्या एका बटणासाठी अर्ज केला आहे. अर्जावर आणखी चार बिऱ्हाडांच्या सह्या मिळाल्या. सभा दिवाळीनंतर आहे.